वार्षिक अंकाची जबाबदारी पहिल्यांदाच आली असेल तर

जुलैच्या पहिल्या मीटिंगमध्ये समित्यांची यादी वाचली जाते. जिमखाना, शिष्यवृत्ती, सहल, अँटी-रॅगिंग, आणि शेवटाकडे कुठेतरी 'नियतकालिक समिती' म्हणून आपलं नाव येतं. माझं नाव पहिल्यांदा असं आलं तेव्हा नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर एकोणीस अंक केले. आता दरवर्षी पावसाळ्यात आसपासच्या महाविद्यालयांतून तीन-चार तरुण सहकाऱ्यांचे फोन येतात. "मॅडम, अंक माझ्याकडे आलाय. सुरुवात कुठून करू?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे. शाळेचं हस्तलिखित करणाऱ्या शिक्षकांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच माझी कसोटी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अंक छापून आला की मी तो पहिल्या पानापासून चाळते आणि मुलांच्या मजकुरात माझ्या हातचं वाक्य कुठे सापडतं का ते बघते. सापडलं तर त्या पानापुरती मी चुकले असं मानते.

पहिला आठवडा: जुने अंक आणि एक जुना माणूस

ग्रंथालयातून मागच्या पाच वर्षांचे अंक घ्या. पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक अंकात दोन आकडे काढा. एकूण पानं किती, आणि त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली पानं किती. शुभेच्छा, मनोगतं, विभागांचे अहवाल, समित्यांचे अहवाल, गुणवंतांचे फोटो हे सगळं बाजूला काढलं की काय उरतं ते दिसेल. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा १२८ पानांच्या अंकात मुलांची ४१ पानं निघाली, आणि त्यातल्या नऊ पानांवर 'आई' होती. तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो किती वाढला एवढं पाहिलं तरी आपलं काम कळतं.

मग कार्यालयात जा. विद्यार्थ्यांकडून नियतकालिकासाठी शुल्क किती घेतलं जातं, मागच्या वर्षी किती प्रती काढल्या, छपाईला किती खर्च आला, दरपत्रकं मागवायची पद्धत काय, बिल कोणत्या महिन्यापर्यंत सादर करावं लागतं, हे लिहून घ्या. मार्चअखेर हिशेब बंद होतो आणि अंक छपाईला जायची वेळही तीच असते. पुष्कळ अंक मजकूर तयार असूनही इथेच अडकतात.

आता जुन्या माणसाविषयी. तुमच्या आधी ज्यांनी अंक केला ते अजून नोकरीत असतील तर त्यांना चहाला घेऊन जा. ते नसतील किंवा बोलायला उत्सुक नसतील तर शेजारच्या तालुक्यातला एखादा जुना संपादक गाठा. विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेचे निकाल पाहिले की कोणत्या महाविद्यालयाचा अंक सातत्याने चांगला निघतो ते समजतं. संकोच करू नका. आम्हा जुन्या मंडळींना असे फोन आवडतात.

त्यांच्याकडून नेमकं काय घ्यायचं? मुद्रकाचा नंबर तर घ्याच, पण वर्षातून दोन भेटी मागा. पहिली सप्टेंबरमध्ये, तुमची विषययादी घेऊन. दुसरी जानेवारीत, कच्चा डमी, म्हणजे अंकाची पानं लावून केलेला नमुना घेऊन. शक्य असेल तर दोन्ही वेळा मुलांना बरोबर न्या. आपल्या सरांना दुसरे कुणी तरी प्रश्न विचारत आहेत आणि सर ते वहीत उतरवून घेत आहेत, हे बघून मुलं पुष्कळ शिकतात. मी अशा भेटीला जाते तेव्हा डमी उलटते आणि प्रत्येक लेखावर बोट ठेवून एवढंच विचारते: "हे दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयाच्या अंकात छापलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं का?" उत्तर 'नाही' आलं की त्या लेखावर पुन्हा काम करायचं.

मुलं कशी निवडायची

मराठी स्पेशलची हुशार मुलं आपसूक येतात. ती घ्याच. पण संपादक मंडळ तेवढ्यावर संपवू नका. मला सगळ्यात चांगले विद्यार्थी संपादक मिळाले ते वाणिज्य शाखेतून आणि एकदा तर भौतिकशास्त्रातून. निबंधस्पर्धेचं बक्षीस मिळवलेलं मूल ठरावीक साच्यात लिहायला शिकलेलं असतं, आणि तो साचा मोडायलाच अर्धं वर्ष जातं.

निवडीसाठी मी परीक्षा घेत नाही, एक काम देते. कँटीनमध्ये किंवा एसटी स्टँडवर अर्धा तास बसायचं आणि जे दिसलं, ऐकू आलं ते एका पानात लिहून आणायचं. विचार नकोत, मत नको. तीस जणांना सांगितलं तर बारा जण आणतात. त्या बारांमधल्या चार-पाच पानांवर काहीतरी खरं असतं. एका मुलाने लिहून आणलं होतं की कँटीनचा मामा उधारीची नावं वहीत लिहीत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकटीत लिहितो. त्या एका वाक्यावर मी त्याला मंडळात घेतलं.

आठ-दहा जण पुरेत. त्यात किमान तीन प्रथम वर्षाचे असू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. एकाला फोटो, एकाला हिशेब आणि जाहिराती, एकाला फक्त वेळापत्रक. वेळापत्रकवाला विद्यार्थी लाजाळू असून चालत नाही. तो प्राध्यापकांकडे अहवाल मागायला तिसऱ्यांदा जाऊ शकला पाहिजे.

भित्तिपत्रक हीच तालीम

अंक वर्षातून एकदा निघतो, आणि वर्षातून एकदा केलेल्या कामात कुणाचा हात बसत नाही. म्हणून ऑगस्टपासून दर महिन्याला भित्तिपत्रक लावा. दोन ड्रॉइंग शीट, हाताने लिहिलेला किंवा प्रिंट काढून चिकटवलेला मजकूर, खाली संपादकाचं नाव. खर्च शंभर रुपयांच्या आत. तारीख ठरवा आणि ती पाळा. मजकूर कमी पडला तर तेवढी जागा कोरी ठेवून लावा. कोऱ्या जागेची लाज एकदा वाटली की पुढच्या महिन्यात मजकूर वेळेवर येतो.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांची भित्तिपत्रकं सगळीकडेच निघतात. ६ जानेवारीही धरा. १८३२ मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते, म्हणजे आपल्या पदवीच्या मुलांच्या वयाचे. मुलांना हे सांगितलं की ती सरळ बसतात, हे मी दरवर्षी पाहते. पण दिनविशेषांखेरीज साधे विषयही द्या: गेटसमोरचं एक दुकान, ग्रंथालयात सर्वांत जास्त फाटलेलं पुस्तक, वसतिगृहातला रविवार.

मजकूर: खरं काम इथे आहे

"वार्षिक अंकासाठी कथा, कविता, लेख, चुटके जमा करावेत" अशी सूचना फळ्यावर लागली की काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाईल शाप की वरदान, पर्यावरण, आई, बाबा, मैत्री. मुलांचा यात दोष नाही. मोघम सूचनेला मोघमच मजकूर येणार. सूचना लावा, कारण न सांगता एखादी चांगली कविता त्यातून हाती येते. पण अंकाचा कणा मात्र नेमून दिलेल्या लेखांचाच असू द्या. प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोला आणि त्याच्याकडे असं काय आहे जे वर्गात दुसऱ्या कुणाकडे नाही, ते शोधा. कुणाच्या घरी हळद शिजवतात, कुणाचा मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, कुणी पहाटे पेपर टाकून मग पहिल्या तासाला येतो.

एक उदाहरण जवळून दाखवते. द्वितीय वर्षाच्या एका मुलाने एसटीवर लेख आणला. पहिलं वाक्य होतं, "एसटी ही ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे." दुसऱ्या परिच्छेदात १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटल्याची माहिती. माहिती बरोबर होती, पण ती कुठेही मिळते. मी लेखावर काही लिहिलं नाही. त्याला समोर बसवलं.

"तू कितीच्या गाडीने येतोस?"

"साडेसहाच्या."

"ती चुकली तर?"

"मग पावणेदहा. तोवर पहिले दोन तास जातात."

"चुकते कधी?"

तो जरा थांबला. "म्हशीची धार काढायची माझ्याकडं असते, मॅडम. ती कधीकधी लवकर पान्हवत नाही."

"हे कुठे लिहिलंयस?"

"हे कसं लिहायचं?"

पुढच्या आठवड्यात तो लेख परत आला. सुरुवात अशी होती: "आमची म्हैस पान्हवली तर मी इंग्रजीच्या तासाला असतो." मग त्याला डेपोत पाठवलं. त्याच्या मार्गावर सकाळी दोन गाड्यांमध्ये एवढं अंतर का, हे आगारातल्या साहेबांना विचारून ये म्हटलं. तो घाबरत गेला, उत्तर घेऊन आला, ते लेखात घातलं. १९४८ ची ओळही राहिली, पण शेवटाकडे गेली. त्या लेखात माझा एक शब्दही नव्हता, फक्त माझे प्रश्न होते. नव्या सहकाऱ्यांना मी हेच सांगते की लाल पेन पहिल्या दोन फेऱ्यांत हातात घ्यायचंच नाही. 'कधी', 'कुठे', 'किती', 'पुढे काय झालं' हे चार प्रश्न पुरतात. तिसऱ्या फेरीत शुद्धलेखन.

आणि शुद्धलेखनाचाच माझा एक अनुभव सांगते, कारण तो मला आजही टोचतो. दुसऱ्याच वर्षी एका मुलीने आईवडिलांच्या ऊसतोडीवर लिहून दिलं. दिवाळीनंतर ते कारखान्यावर जायचे, ही आजीजवळ राहायची. लेखात आईची वाक्यं होती, 'व्हतं', 'म्या', 'न्हाई' अशी, आणि निवेदनातही तीच भाषा मधूनमधून उतरली होती. मी सगळं प्रमाण मराठीत केलं. मला वाटलं, मी तिच्या लेखाची शान वाढवली. अंक निघाला, तिने पान उघडलं, वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, हे माझी आई बोलत नाही." प्रत तिने घेतली नाही. टेबलावरच ठेवून गेली. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी असं करते. लेखातला माणूस बोलतो ती भाषा जशीच्या तशी ठेवायची. निवेदन कोणत्या भाषेत करायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं, पण ठरवलं की शेवटपर्यंत तेच. अर्धं असं, अर्धं तसं झालं असेल तर ते दाखवून द्यायचं आणि निवड त्याच्याकडे सोपवायची. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं हे मात्र प्रमाणलेखनाच्या नियमांप्रमाणे. साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. त्यांची एक छायाप्रत मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावा. आणि कोणताही बदल मुलाला दाखवल्याशिवाय छापू नका, अगदी मथळ्याचासुद्धा.

दुसऱ्याचा मजकूर

दरवर्षी दोन-तीन कविता उचललेल्या असतात. पूर्वी दिवाळी अंकांतून उचलत, नंतर व्हॉट्सॲपवरून, आता यंत्राकडून लिहून घेतात. शंका आली की मी मुलाला दटावत नाही. "तिसऱ्या कडव्यात हा शब्द का निवडलास?" एवढं विचारते. स्वतः लिहिलेलं असेल तर मूल बोलत सुटतं. नसेल तर खाली बघतं. तेव्हा त्याला एकट्याला सांगायचं, चारचौघांत नाही, आणि लगेच दुसरं काम द्यायचं. असंच पकडलेल्या एका मुलाने पुढे अंकासाठी गावच्या कुस्तीच्या मैदानावर फार सुंदर लिहिलं.

प्रसिद्ध कवींच्या कविता अंकात घ्यायच्या असतील तर हिशेब सोपा आहे. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, मर्ढेकर १९५६ मध्ये. त्यांच्या कविता छापायला अडचण नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांची पूर्ण कविता घ्यायची तर परवानगी हवी. लेखात चार ओळी उद्धृत करून त्यांवर लिहिणं वेगळं, ते करता येतं. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांचंही असंच. त्यापेक्षा आपल्याच एखाद्या मुलाकडून रेखाटन करून घ्या.

अवघड विषय आणि प्राचार्य

नव्या संपादकाला सर्वांत मोठी भीती याची असते. मुलांनी महाविद्यालयाच्या उणिवांवर लिहिलं तर?

लिहू द्या, पण पत्रकारासारखं लिहायला शिकवा. एकदा मुलींनी स्वच्छतागृहात पाणी नसतं यावर लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा नुसता संतापाचा होता. मी म्हटलं, महिनाभर मोजा. त्यांनी तक्ता केला: कोणत्या मजल्यावर किती नळ, कोणत्या दिवशी दुपारी बारानंतर पाणी होतं, कोणत्या दिवशी नव्हतं. मग तो तक्ता घेऊन त्या कार्यालयात गेल्या आणि अधीक्षकांचं म्हणणं लिहून घेतलं. टाकी एकच आहे आणि ती दुपारपर्यंत रिकामी होते, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजू एकाच लेखात आल्या. लेख छापून यायच्या आधीच दुसरी टाकी बसली, आणि लेखाच्या शेवटी तेही लिहिलं गेलं. ज्याच्यावर टीका आहे त्याचं म्हणणं त्याच लेखात, त्याच्याच शब्दांत आलं पाहिजे. हा नियम मुलांच्या अंगात भिनवा.

प्राचार्यांना तयार अंक मार्चमध्ये दाखवू नका. तेव्हा त्यांनाही घाई असते आणि घाईत माणूस 'काढून टाका' म्हणतो. सप्टेंबरमध्येच विषययादी घेऊन जा, विद्यार्थी संपादकाला बरोबर घेऊन. विषय कुणाचा आहे, तो का घ्यायचा, माहिती कुठून आणणार, हे त्यानेच सांगू दे. आधी विचारलेल्या माणसाला शेवटी अडवावंसं वाटत नाही. तरीही एखादं पान काढायला सांगितलं तर कारण विचारा, शांतपणे, आणि ते कारण मुलाला खरं खरं सांगा. "जागा नव्हती" असं खोटं सांगू नका. मुलांना ते लगेच कळतं, आणि पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे खरं काही घेऊन येत नाहीत.

काही ठिकाणी मात्र 'नाही' तुम्हीच म्हणायचं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ त्याविषयी आहे. ती व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. त्यात नाव, पत्ता, फोटो तर येतातच, पण कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार यांवरूनही ओळख पटता कामा नये. मुलं गावातली घटना 'नाव बदलून' लिहितात आणि वस्तीचं, गल्लीचं वर्णन तसंच ठेवतात. तिथे नाव बदलून काही साधत नाही, सगळ्या गावाला कळतं. कायदा सांगतो म्हणून तर थांबाच, पण त्या घरातलं कुणी हा अंक वाचेल हे मुलांना समजावून सांगा. घरातल्या भांडणांवर, एखाद्या मैत्रिणीच्या आजारावर लिहिलेल्या लेखांनाही हाच विचार लावा: ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते दाखवलं आहे का?

छपाईला जाण्यापूर्वी

इथे तांत्रिक गोष्टी येतात. साहित्याच्या माणसाला त्या रुक्ष वाटतात, पण वर्षभराची मेहनत इथेच वाया जाऊ शकते.

मुलं मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करतात. पुष्कळ छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात, आणि मजकूर त्यांत बदलून घेताना मोडतो. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, अवतरणचिन्हं गायब होतात. म्हणून दरपत्रक मागवतानाच विचारा की थेट युनिकोडमध्ये पानं लावणार का. लावत असतील तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नसतील तर बदललेल्या मजकुरात 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले सगळे शब्द एका विद्यार्थ्याने वेगळे तपासायचे. माझ्याकडे या कामाला दरवर्षी एक मूल खास नेमलेलं असतं, आणि ते काम मानाचं समजलं जातं.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की ते दाबले जातात आणि छपाईत धूसर येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा पेनड्राइव्हवर घ्या. छपाईच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके हवेत. गटाच्या फोटोखालची नावं फोटो काढला त्याच दिवशी लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, उभे कोण, बसलेले कोण. मार्चमध्ये कुणालाच आठवत नाही.

पानं १६ च्या पटीत धरा, कारण ऑफसेटवर साधारण सोळा पानांचा एक फॉर्म होतो. ११५ पानांचा मजकूर असेल तर तो ११२ मध्ये बसवणं किंवा १२८ पर्यंत वाढवणं, दोन्ही परवडतं. मधेच थांबलात तर कागद फुकट जातो आणि बिल तेवढंच येतं. आतल्या पानांना ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद पुरतो. रंगीत फोटोंची आर्ट पेपरची पानं कमी करून तो पैसा मजकुराच्या पानांकडे वळवा. सत्काराचे सारख्याच चौकटीतले चोवीस फोटो कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, किमान तीनदा. पहिलं लेखकाकडे, दुसरं मंडळाकडे, तिसरं तुमच्याकडे. दुसरं प्रूफ जोडीने वाचायचं: एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. दुपारी कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात मुलं "स्वल्पविराम, अवतरण सुरू" असं वाचत बसलेली असतात तो आवाज मला फार आवडतो. श्रद्धांजलीचं पान, गुणवंतांची नावं आणि मुखपृष्ठ तुम्ही स्वतः वाचा. मुखपृष्ठावरचं वर्षसुद्धा. ते चुकल्याचं मी पाहिलेलं आहे.

मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं-पत्ते असलेलं पान विसरू नका. जुन्या अंकांत 'फॉर्म क्र. ४' या नावाने जे निवेदन दिसतं ते वृत्तपत्र-नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याच्या काळातलं आहे. १ मार्च २०२४ पासून त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे. त्यामुळे जुनं पान जसंच्या तसं उतरवण्याआधी कार्यालयाला आणि मुद्रकाला विचारून घ्या.

तारखा

जुलैत मंडळ, ऑगस्टपासून भित्तिपत्रक, सप्टेंबरअखेर विषययादी. दिवाळीच्या सुट्टीत मुलं आपापल्या गावी असतात. लेखांसाठी माणसांना भेटायची, फोटो काढायची ती वेळ. पहिला मसुदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जानेवारीत डमी, स्नेहसंमेलनाची पानं तेवढी मोकळी ठेवून. फेब्रुवारीत प्रूफं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात छपाईला. विभागांचे अहवाल उशिराच येणार, ते शेवटच्या फॉर्ममध्ये धरा म्हणजे त्यांच्यासाठी सगळा अंक खोळंबत नाही. स्पर्धेसाठी प्रती पाठवायची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकात येते, ती वेळापत्रकवाल्याला द्या. बक्षीस मिळालं तर छान, पण विषय ठरवताना परीक्षक डोळ्यांसमोर आणू नका.

वाटप आणि फाईल

अंक हातात येईपर्यंत तृतीय वर्षाची मुलं परीक्षा देऊन निघून गेलेली असतात. ज्यांनी लिहिलं त्यांनाच तो मिळत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहते. फेब्रुवारीतच लिहिणाऱ्या प्रत्येकाचा घरचा पत्ता आणि पिन कोड लिहून घ्या आणि तेवढ्या प्रती वेगळ्या बांधून ठेवा. गठ्ठा आला की आधी या प्रती टपालात टाकायच्या, मग मान्यवरांच्या. ज्यांच्यावर लेख आहेत त्यांनाही प्रत पोचवा. एसटीवरचा लेख ज्या आगारातून माहिती घेऊन लिहिला तिथे तो मुलगा स्वतः अंक द्यायला गेला होता. कँटीनच्या मामाने त्याच्यावरचं पान फ्रेम करून कॅलेंडरशेजारी लावलं आहे.

उरलेलं काम एका संध्याकाळचं. एक जाड फाईल घ्या. त्यात दरपत्रकं, बिलाची छायाप्रत, पानांचा हिशेब, मंडळातल्या मुलांचे फोन, छापखान्यातल्या ऑपरेटरचं नाव (मालकाचं नाव सगळ्यांकडे असतं, काम ऑपरेटर करतो), कोणता विषय राहून गेला त्याची यादी, आणि प्रत्येक लेखाचा पहिला मसुदा व छापलेला मसुदा एकामागे एक लावून ठेवा. पुढच्या जुलैत नवी मुलं आली की त्यांच्या हातात आधी हे दोन मसुदे द्या. आमच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ऊसतोडीच्या त्या लेखाचं मूळ हस्तलिखित आहे, निळ्या शाईतलं, वहीची पानं फाडून लिहिलेलं. त्याच्यावरच्या लाल खुणा माझ्या आहेत, आणि मंडळात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते दाखवते.